अपाम गरम आहे तोवर

तायपिंग, १२ नोव्हेंबर १९९५

सुट लिंग,

पत्र लिहायचं कारण एवढंच की मागच्या नळाची गळती थांबली. परीक्षेच्या दिवसांत तू त्या टपटपीच्या नावानं खडे फोडायचीस, म्हणून कळवतोय. नळवाला आला, आतली चकती बदलून गेला. बाकी विशेष काही नाही.

दुसरं म्हणजे, तुला मुलगा झाल्याचं कळलं. म्हणजे होऊन चौदा महिने झाले म्हणे. तुझ्या वर्गातली ती जाड भिंगाची पुई यी अपाम न्यायला आली होती, तिनं सांगितलं. मी म्हणालो, ठाऊक आहे मला. ठाऊक काय डोंबल होतं. तिच्या अपामवर मी शेंगदाण्याचा कूट दोनदा टाकला. ती म्हणाली, "काका, आज मेहेरबानी?" मी म्हणालो, "हात चुकला, गुपचूप खा."

माझी अपामची हातगाडी जुन्या बाजाराच्या मागे त्याच झाडाखाली असते. पाऊस रोज चारच्या सुमाराला येतो आणि गिऱ्हाईकही त्याच वेळी येतं. डावीकडच्या लाक्सावालीनं गाडी सुनेच्या हाती दिली, आता ती नुसती बसून माशाचे काटे काढते आणि सुनेला बोलते. उजवीकडे चेंडोलवाल्याचा जावई बर्फ किसतो. माझ्या गाडीला तुझ्या आईचं स्टूल अजून आहे. त्यावर मी पिठाचा डबा ठेवतो, नाहीतर कोणीतरी येऊन बसतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली आणि तू जाऊन चार. घरात दोन खुर्च्या जास्तीच्या झाल्यात. विकाव्या म्हटलं तर कोणी घेत नाही.

एक गोष्ट लिहून टाकतो, मग या विषयावर मी बोलणार नाही. लग्नानंतर तू नवऱ्याला घेऊन गाडीवर आलीस. मी तुझ्या हातात तव्यावरचा गरम, दुमडलेला अपाम दिला आणि तू म्हणालीस, "मी जेवून आलेय, बा." एकतीस वर्षं मी लोकांच्या हातात अपाम देतोय. भरल्या पोटाचं माणूस अपामकडे कसं बघतं ते मला कळतं. तुला भूक होती. असो. मी तेव्हा तुला फार काही बोललो नाही. त्यावरून तू चार वर्षं तोंड दाखवलं नाहीस, तर ते तुझं तुला लखलाभ.

उत्तर पाठवायची गरज नाही.

बा


तायपिंग, १० डिसेंबर १९९५

सुट लिंग,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं की तू बरोबर ऐकतेस. लहानपणी एक ऐकलं असतंस तर शपथ.

पाकिटावर मी मागच्या वेळी तुझं आपल्या घरचं नाव घातलं होतं, आडनाव लोक, पुढे सुट लिंग. पाक देरुस म्हणाला की त्या नावानं कोटा भारूच्या पोस्टमनला तू सापडणार नाहीस. पाक देरुस तुला आठवत असेल, तुरुंगावरचा पहारेकरी, मिशीवाला. आता निवृत्त झालाय. रोज चारला छत्री घेऊन येतो, गाडीच्या छपराखाली उभा राहतो आणि एक अपाम खातो, कडा कुरकुरीत, मका जास्त. तर तो म्हणाला, "वेंग, कागदावर ती आता सुराया बिन्ती अब्दुल्ला."

मी विचारलं, "हा अब्दुल्ला कोण?"

"कोणी नाही. जे आमच्या धर्मात येतात त्यांच्या बापाच्या जागी तसंच लिहितात. देवाचा सेवक असा अर्थ."

"मग देवाच्या त्या सेवकानं तिला सायकलवरून शाळेत सोडलं होतं का? गोवर निघाला तेव्हा तो कुठे होता?"

पाक देरुस बोटांवरची साखर चाटत राहिला. मग म्हणाला, "त्यानं अपाम पण नाही केला कधी. चल, अजून एक दे." माणूस बेरकी आहे, पण वाईट नाही.

आता मला सांग. हा पाक देरुस पाच वेळा नमाज पढतो. हजला जाऊन आलाय. बाहेर पाणी पितानासुद्धा पेला कुणाचा ते विचारतो. तो वीस वर्षं माझ्या हातचं खातो. माझ्या रांगेत निम्म्याहून जास्त बायका डोक्याला रुमाल बांधलेल्या असतात. का? कारण माझ्या मालात आहेच काय? पीठ, अंडं, साखर, शेंगदाणा, मका, मार्जरीन. चारकोइत्याव नूडल्सच्या गाडीवर तू खात नाहीस हे मी समजू शकतो, तो डुकराच्या चरबीशिवाय कढई तापवत नाही. पण माझा अपाम? बाळाचा पहिला महिना असो की म्हाताऱ्याचं दुखणं, कोणीही खावा असा पदार्थ. जो मुसलमान जन्मला त्याला चालतो आणि जी काल झाली तिला चालत नाही?

लग्नाला मी आलो नाही, कबूल आहे. तू घरी आलीस तर दार उघडणार नाही असंही म्हणालो होतो, म्हणून तू गाडीवर आलीस. तेही कबूल. पण तू समोर दिसलीस तेव्हा मी काय केलं? हातातला गिऱ्हाइकाचा अपाम बाजूला ठेवला आणि तुझा टाकला. जाड, मधोमध मऊ, दाणे दुप्पट, मार्जरीन कडेपर्यंत. मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. जे काही बोलायचं होतं ते सगळं त्या अपाममध्ये घातलं होतं. आणि तू म्हणालीस, जेवून आलेय.

मला फार लागलं, सुट लिंग. ते अजून बरं झालेलं नाही.

या पाकिटावर मी तुझं ते दुसरं नाव घातलंय. फक्त पोस्टमनसाठी.

बा


तायपिंग, ७ जानेवारी १९९६

सुट लिंग,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

मंगळवारी माझा ब्रश संपला. अपामच्या पितळी तव्यांना तेल लावायचा, वरून मार्जरीन फिरवायचा तो दोन बोटं रुंदीचा ब्रश. दर तीन-चार महिन्यांनी केस झडतात, मग मी आह क्वाईच्या हार्डवेअरच्या दुकानातून तसाच दुसरा आणतो. माझा बापही तिथूनच आणायचा. गेलो, पांढऱ्या केसांचा ब्रश उचलला, क्वाईपुढे धरला. माझ्या पुढे एक मलय बाई होती, बहुतेक शिक्षिका. रमजानच्या आधी दार रंगवायचं म्हणत होती. तिनंही तोच ब्रश उचलला आणि विचारलं, "हे केस कसले?"

क्वाई म्हणाला, "डुकराचे. रंगाला एक नंबर. तुम्हाला नको असेल तर हा नायलॉनचा घ्या."

तिनं ब्रश असा खाली ठेवला की जणू चटका बसला. नायलॉनचा घेतला, हात रुमालाला पुसले आणि गेली.

मी म्हणालो, "क्वाई, हा डुकराचा?"

"मग काय नारळाचा? तीस वर्षं नेतोयस."

"मी हा अपामवर फिरवतो."

त्यानं चष्मा काढला. "मला वाटायचं तू गाडी रंगवतोस."

"दर तीन महिन्यांनी?"

"इथल्या पावसात रंग टिकतो कुठे, वेंग? मी म्हटलं, हौशी माणूस आहे."

मी ब्रश तिथेच टाकून घरी आलो. त्या दिवशी गाडी लावली नाही. खुर्चीत बसून राहिलो आणि तुझा तो दिवस पहिल्यापासून आठवला. या वेळी माझ्या बाजूनं नाही, तुझ्या बाजूनं.

तू आलीस तेव्हा तुझा चेहरा हसरा होता. अपाम घ्यायला तू हात पुढे केलास. तुझा नवरा, वान अझारी, माझ्या हाताकडे बघत होता. मला वाटलं, माझ्या जळक्या बोटांकडे बघतोय. पण तो होड्या रंगवणाऱ्यांच्या घरातला मुलगा. कुठला ब्रश कसल्या केसांचा ते त्याला दुरून कळत असणार. तो तुझ्या कानाशी काहीतरी बोलला आणि तू त्याच्या दंडावर हात ठेवलास. गप्प राहा, असा. मग माझ्याकडे वळून तू जेवण झाल्याचं सांगितलंस.

रांगेत अकरा जण होते. पाक देरुस होता, त्या रुमालवाल्या बायका होत्या. तू खरं बोलली असतीस तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या गाडीवर कावळासुद्धा बसला नसता. तुला एवढंच करायचं होतं, बापाची अब्रू आणि भाकरी वाचवायची होती. त्याचा मोबदला बापानं तुला काय दिला?

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी फार काही बोललो नाही. ते खोटं. मी तुझ्या हातातला अपाम ओढून घेतला आणि गटारात भिरकावला. आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "हिला आता आमच्या हातचं विटाळतं. माझी मुलगी तिच्या आईबरोबरच गेली." तू एक शब्द उलटून बोलली नाहीस. बोटावर मार्जरीन लागलं होतं, ते पुसायला तुझ्याकडे काही नव्हतं. नवऱ्यानं तुला खिशातला रुमाल दिला.

चार वर्षं मी ज्याला त्याला सांगत फिरलो की माझ्या पोरीनं माझ्या हातचं नाकारलं.

मला माफ कर असं लिहिणार होतो, पण कागदावर लिहून मोकळं व्हायचं एवढी ती स्वस्त गोष्ट नाही. गाडी अजून बंद आहे. उद्या काय करायचं ते ठरवायचंय.

बा


तायपिंग, १७ जानेवारी १९९६

सुट लिंग,

क्वाईनं ठरवून दिलं होतं. म्हणाला, "नायलॉनचा ब्रश घे आणि तोंड बंद ठेव. ज्याला ठाऊकच नाही त्याचं काय बिघडलं?" लाक्सावालीही तेच म्हणाली. मी दोन दिवस नायलॉनच्या ब्रशनं धंदा केलादेखील. पण तवे तेच होते. आणि चार वाजता पाक देरुस छत्री घेऊन यायचा, कडा कुरकुरीत आणि मका जास्त मागायचा. मी त्याच्या हातात अपाम द्यायचो आणि त्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला अपाम दिला नाही. म्हणालो, "पाक, आधी ऐका." आणि सांगितलं. ब्रश, केस, तीस वर्षं, सगळं. मागे पाचसहा जण रांगेत होते, त्यांनीही ऐकलं.

पाक देरुस नळाकडे गेला. छत्री मिटली, चुळा भरल्या, किती ते मी मोजलं नाही, पण पुष्कळ. हात कोपरापर्यंत धुतले. परत आला तोवर रांग पांगली होती. कोणी ओरडलं नाही. एक बाई हातातला कागदी पुडा माझ्या गाडीच्या कडेला ठेवून गेली, न उघडलेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आईची शपथ?"

"बायकोची घेतो, चालेल? आईला मी फार छळलंय."

तो हसला नाही. "मग नकळत झालेलं पाप माझ्या वहीत नाही लिहिलं जायचं. पण वेंग, वीस वर्षं रे."

"मी पाटी लिहितो. सगळ्यांना कळेल अशी."

"तुझं अक्षर बघितलंय मी. लोक समजतील अपाम स्वस्त झाला." मग म्हणाला, "मशिदीत मी सांगतो. तू काही लावू नकोस." आणि छत्री न उघडताच पावसात गेला.

मला वाटलं, गेला तो गेला. मी तवे पोत्यात भरले. तुझ्या आजोबांचे पितळी तवे, सात. भंगारवाल्याला द्यायचे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाक देरुस, लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली, हातात बादली आणि बादलीत माती.

"तवे टाकलेस?"

"पोत्यात आहेत."

"काढ. आमच्याकडे याला रीत आहे. सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीच्या पाण्यानं. मग वस्तू पाक होते. पितळ टाकायला तू काय राजा लागून गेलास?"

आम्ही मागच्या नळावर बसलो. तवे, झाकणं, उलथनं, पिठाचा डबा, गाडीचा पत्रा, सगळं. मी घाईघाईनं पाणी ओतलं की तो म्हणायचा, "पुन्हा. कड राहिली." एक तवा त्यानं आठ वेळा धुवायला लावला, कारण सहा की सात यावरून आमचं भांडण झालं. तुरुंगात कैद्यांना हा माणूस कसा वागवत असेल याचा मला अंदाज आला. दुपारपर्यंत माझी कंबर मोडली. तो उठला, मातीचे हात झटकले, म्हणाला, "झालं." मी चहा विचारला. तो म्हणाला, "तुझ्या घरातले पेले कसले कोण जाणे. नको." आणि मग पहिल्यांदा हसला.

जाताना विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं रे, ब्रशचं?"

मी म्हणालो, "माझ्या मुलीनं. चार वर्षांपूर्वी. मला आत्ता ऐकू आलं."

तुला हे एवढ्यासाठी कळवतोय की तू गप्प राहायचं आता काही कारण उरलेलं नाही. तुझ्या सासरी, शेजारी, ज्याला सांगायचं त्याला सांग. मी सांगून मोकळा झालोय.

बा


तायपिंग, २८ फेब्रुवारी १९९६

सुट लिंग,

तुझं पत्र आलं. साडेपाच ओळी आहेत, मी मोजल्या. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी पीठ भिजवत होतो, त्यामुळे पाकिटावर पिठाची बोटं उमटली आहेत.

तू लिहितेस, त्या दिवशी भूक होती. वाटलंच होतं. लिहितेस, नंतर पत्रानं कळवणार होते, पण कळवलं असतं तर बा पाटी लावून मोकळे झाले असते, दुसरं त्यांना काही येत नाही. हे वाचून मी एकटाच घरात मोठ्यानं हसलो. शेजारीण खिडकीतून डोकावली. पुढं लिहितेस, फिक्री चालायला लागलाय. आणि शेवटी, नळ दुरुस्त झाला ते बरं झालं.

माफ केलं की नाही याबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस. तेही बरोबर आहे.

या वर्षी आपलं नववर्ष आणि त्यांची ईद एकाच आठवड्यात आली. सगळं गाव एकमेकांच्या घरी खात होतं. मी दार उघडं ठेवलं होतं. संत्री मांडली होती. पुई यी येऊन गेली. बाकी संत्री मीच खातोय.

रमजानचं सांगतो. दर वर्षी रोजे सुटायच्या आधी माझ्या गाडीवर एवढी गर्दी असते की हाताला उसंत नसते. या वर्षी पहिले आठ दिवस कोणी नाही. चेंडोलवाल्याकडे रांग, साटेवाल्याकडे रांग, आणि मध्ये मी, धुतलेले तवे तापवून. रोज भिजवलेलं पीठ ओतून देत होतो. नवव्या दिवशी पाक देरुस येऊन पुढ्यात उभा राहिला. बांगेला पाऊण तास होता. म्हणाला, "दे, बांधून दे."

मी म्हणालो, "घरी जाईपर्यंत मऊ पडेल."

"पडू दे. मी इथे उभा दिसलो पाहिजे, एवढंच आहे."

तो पाऊण तास तिथेच उभा राहिला, पुडा हातात धरून, सगळ्यांना दिसेल असा. दुसऱ्या दिवशी दोन बायका आल्या. आता निम्मी रांग परत आलीय. निम्मी येणार नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. तेल लावायला मी आता ब्रश वापरतच नाही. साटेवाला मांसाच्या काड्यांना तेल लावायला करतो तसं गवती चहाचं खोड ठेचून घेतो. त्याचा वास अपामला लागतो. लोकांना आवडतो.

अपाम पोस्टानं पाठवता येत नाही. तासाभरात त्याचा लोळागोळा होतो. खायचा तर गरम असतो तोवर, नाहीतर नाही. म्हणून मीच येतो. शुक्रवारी, १५ मार्चला, तुमच्याकडे सुट्टी असते म्हणून. दोन तवे, छोटी शेगडी, कोळसा, पीठ, सगळं मी आणतो. बसच्या आधी तीन दिवस मी घरातही डुकराचं शिजवणार नाही. तुझ्या घरात मी येणार नाही. अंगणात वारा लागणार नाही अशी जागा दाखव, पुरे. एक अपाम तुझ्या हातात देईन आणि परतीच्या बसनं निघेन.

नको असेल तर कळव. मी वाट बघतो. म्हणजे पोस्टाची.

बा


तायपिंग, १९ मार्च १९९६

सुट लिंग,

पोचलो. गुडघे सोडून सगळं ठीक आहे.

तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो. शुक्रवारी येतो म्हणून सांगून मी गुरुवारीच आलो, आणि शुक्रवारची बस भरली होती असं तुला सांगितलं. बस रिकामी होती. मला धीर धरवला नाही.

आणि चारच्या परतीच्या बसचं तिकीट मी आधीच काढून ठेवलं होतं. तू राहा म्हणाली नाहीस तर काय तोंडानं उभं राहायचं, याची भीती होती. तिकीट खिशात असलं की माणूस म्हणू शकतो, मला जायचंच होतं.

फणसाखाली शेगडी लावली तेव्हा तुझी सासू पाट घेऊन समोरच बसली. तिचं कोटा भारूचं बोलणं मला निम्मं कळत होतं, पण तिनं गोकर्णाच्या फुलांचा निळा भात पुढे ठेवून "लाजू नका, व्याही, विष नाही घातलं" म्हटलेलं बरोबर कळलं. अझारीनं कोळसा फुलवला. वारा अडवायला दोन फळ्या आणून लावल्या. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, नखांत निळा रंग होता. चांगला मुलगा आहे. हे मी चार वर्षं उशिरा लिहितोय.

पहिला अपाम मी तुझ्यासाठी केला. तू पायरीवर उभी होतीस, कडेवर पोरगा. मी तो कागदावर घेऊन तुझ्यापुढे धरला.

तू म्हणालीस, "नको, बा."

तुला खरं सांगू, त्या क्षणी माझ्या डोक्यात तेच उठलं. तेच जुनं. हात ओढून घ्यायला निघाला होता. सगळं धुतलं, सात सात वेळा, सात तास बसमध्ये पीठ मांडीवर धरून आणलं, तरी नको?  मग मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ कोरडे पडले होते. आणि मी विचारलं. साधं विचारलं, "का गं?"

एवढं एकच विचारायचं होतं मला त्या दिवशी.

तू म्हणालीस, "रोजा आहे, बा. फिक्री अंगावर पीत होता तेव्हाचे राहिलेले रोजे फेडतेय. उद्या तुम्ही येणार, उद्या खायचंच होतं, म्हणून मुद्दाम आजचा धरला." आणि तुला रडू आलं आणि हसूही आलं, आणि पोरगा तुझ्याकडे बघून रडायला लागला.

तो अपाम तुझ्या सासूनं खाल्ला. म्हणाली, "बाप असा असावा, दुसऱ्याचं तोंड गोड करणारा." दुसरा अझारीनं. पुढचे सगळे शेजारच्या बायकांनी, कुंपणावरून. तू म्हणालीस, "सव्वासातला बांग होते. थांबाल का?"

चारची बस रस्त्यावरून गेली तेव्हा मी तुझ्या पायरीवर बसलो होतो. तीन तास मी काहीच केलं नाही. तुझ्या आईच्या आजारपणानंतर मी इतका वेळ रिकामा कधी बसलो नव्हतो. तू आतबाहेर करत होतीस. मधूनच येऊन विचारायचीस, कोळसा पुरेल ना? मी म्हणायचो, पुरेल. एवढंच बोलणं झालं, पण माझं मन भरलं.

बांगेच्या आधी मी निखारे पुन्हा फुलवले. पीठ ढवळलं.  बांग सुरू झाली, तू खजूर तोंडात टाकलास, पाणी प्यायलीस, आणि माझ्यासमोर येऊन मातीतच बसलीस, शाळेतून येऊन गाडीमागे बसायचीस तशी. मी झाकण काढलं, दाणे टाकले, दुमडला आणि दिला. तू फुंकलाही नाहीस. जीभ भाजली असणार.

तीन खाल्लेस. तिसऱ्याच्या वेळी तुझं पोट भरलं होतं. मला ते कळतं, मी सांगितलंय तुला. तरी तू तो पुरा संपवलास.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तू विचारलंस, "बा, पुन्हा कधी याल?" मी म्हणालो, गाडी सोडून येणं जमत नाही, रमजानमध्ये आधीच धंदा बुडालाय, बघू.

ते खोटं होतं. गाडीचं काही नाही. गाडीवाचून इथे कोणाचं काही अडत नाही, आणि माझंही नाही. घरी आलो तेव्हा कुलूप काढताना मला आतून कोणी विचारलं नाही, कोण आहे म्हणून. मी बराच वेळ किल्ली हातात धरून उभा होतो. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे, दारात दिलं. पण ते तुला ऐकू आलं नसेल.

पुन्हा एकदा विचार.

बा